जपानी नावाचा अर्थ विचारण्याआधी ते लिहितात कसं, हे विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही मराठी, चार वर्षांपासून तोक्योत निशि-कासाइला राहतात, दोन महिन्यांत बाळ येणार आहे. मूल तिथेच वाढणार म्हणून, मुलगी झाली तर जपानी नाव ठेवायचं मनात आहे. इंटरनेटवरच्या याद्यांतून त्यांनी पाच नावं काढली आहेत: युकि म्हणजे बर्फ, आइ म्हणजे प्रेम, नाना म्हणजे सात, अकिरा म्हणजे बुद्धिमान, आणि सारा, जिचा अर्थ यादीत दिलेलाच नाही. अर्थ बरोबर आहेत का आणि यातलं कोणतं घ्यावं, असं त्यांनी विचारलंय. सासूबाईंचा आग्रह वेगळाच आहे: नाव पत्रिकेतल्या अक्षरावरूनच हवं.

मी पुण्यात एकवीस वर्षं जपानी शिकवते आणि कागदपत्रांचे अनुवाद करते. दरवर्षी दोन-चार जोडपी हाच प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या यादीतले अर्थ खोटे नाहीत, पण ते अर्धेच आहेत. आपल्याकडे 'सुमती' म्हटलं की अर्थ त्या शब्दातच असतो, देवनागरीत लिहा की मोडीत. जपानीत तसं नाही. तिथे नावाचा आवाज वेगळा आणि ते ज्या कांजींनी, म्हणजे चिनी चित्रलिपीतून आलेल्या अक्षरांनी लिहितात ती वेगळी. अर्थ बहुतेक वेळा त्या अक्षरांत असतो. 'युकि' हा नुसता आवाज आहे. तो बर्फाच्या अक्षराने लिहिला तर बर्फ, सुखाच्या अक्षराने लिहिला तर सुख. दोन अक्षरांत फोडून लिहिला तर आणखी कितीतरी पर्याय निघतात. 'यू' लांब केलात तर नावच बदलतं. 'धैर्य' या अर्थाचं यूकि हे मुलग्यांचं नाव त्यातूनच येतं. म्हणून कोणी 'युकिचा अर्थ काय?' असं विचारलं की जपानी माणूस उलट विचारतो, 'कोणती अक्षरं?'

वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवते. डावीकडे एक उभट चौकट आणि तिच्या मधोमध आडवी रेघ, हा सूर्य. उजवीकडे तशीच चौकट, पण खालून उघडी, दोन पाय टेकलेली आणि आत दोन रेघा, हा चंद्र. दोन्ही शेजारी काढले की उजेड किंवा स्वच्छ समजूत असा अर्थ होतो, आणि हे एकच अक्षर नावात 'अकिरा' असं वाचतात. तुमच्या यादीतलं 'बुद्धिमान' इथून आलं असावं. पण तीन सूर्य वर एक, खाली दोन असे रचले की स्फटिकाची चकाकी होते, आणि तेही 'अकिराच'. शिवाय अकिरा हे मुख्यतः मुलग्यांचं नाव आहे. क्वचित मुलीचंही असतं, पण तुमच्या लेकीला आयुष्यभर 'मुलगा की मुलगी?' हा प्रश्न ऐकावा लागेल.

सगळ्यांना ओळखीचं एक उदाहरण देते. बेसबॉलपटू इचिरो सुझुकी. 'इचिरो' ऐकलं की 'पहिला मुलगा' असं वाटतं, कारण हे नाव सहसा 'एक' आणि 'पुत्र' या अक्षरांनी लिहितात. पण इचिरो हा घरातला दुसरा मुलगा, आणि त्याच्या नावातला 'रो' पुत्राचा नाही, तर 'प्रसन्न, मोकळा' या अर्थाच्या अक्षराचा आहे. ऐकून कळत नाही, लिहिलेलं पाहिल्यावरच कळतं.

याद्या आणखी एक चूक करतात. त्या दोन अक्षरांचे अर्थ जोडून वाक्य बनवतात. 'युइ' हे लाडकं नाव पुष्कळदा 'बांधणे' आणि 'वस्त्र' या अक्षरांनी लिहितात, म्हणून यादी सांगते, 'बांधलेलं वस्त्र'. कोणत्याही आईच्या मनात असं नसतं. पहिलं अक्षर माणसं जोडली जावीत म्हणून घेतलेलं असतं, दुसरं आवाजासाठी आणि लिहिलेलं सुरेख दिसतं म्हणून. मनात काय होतं ते आईबाबांनाच ठाऊक.

कधी कधी तर अक्षरांना अर्थच नसतो, ती केवळ आवाजासाठी उसनी घेतलेली असतात. इथेच आपल्यासाठी सुंदर वाट उघडते, तिच्याकडे पुढे येते.

आता तुमची परिस्थिती बघू, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही दोघं भारतीय नागरिक आहात. त्यामुळे तुमची मुलगी जपानी कुटुंबनोंदणीत, म्हणजे 'कोसेकि'त जाणार नाही. वॉर्ड कार्यालयात जन्माची नोंद करावी लागेलच, पण तिथे तिचं नाव काताकाना लिपीत आणि सोबत रोमन अक्षरांत लिहिलं जाईल. काताकाना फक्त आवाज दाखवते, अर्थ नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत कांजी निवडणं ही घरगुती हौस आहे. भिंतीवर लावायला सुंदर अक्षरांत लिहून घ्या, जरूर घ्या, पण जन्माच्या नोंदीत ती येणार नाही. तुमची खरी निवड आवाजाची आहे.

आई-बाबांपैकी एक जण जपानी असेल तर मात्र सगळंच बदलतं. अशी जोडपीही हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. मुलांच्या नावात रोजच्या वापरातल्या २,१३६ कांजी आणि खास नावांसाठी मान्य केलेल्या ८६३, एवढ्याच चालतात. हिरागाना आणि काताकाना या नुसता आवाज दाखवणाऱ्या लिप्याही चालतात. अक्षर मान्य असलं म्हणजे नाव मान्य होईलच असंही नाही. १९९३ मध्ये तोक्योच्या पश्चिमेकडच्या अकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, ठेवायचं ठरवलं. दोन्ही अक्षरं मान्य यादीत होती. तरी नाव अडलं, प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं आणि शेवटी आईबाबांना दुसरं नाव द्यावं लागलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पूर्वी कोसेकित फक्त अक्षरं नोंदली जायची, उच्चार नाही. त्यामुळे 'मोठा' आणि 'झेप घेणे' या दोन अक्षरांचं एकच नाव कुणाचं हिरोतो असायचं, कुणाचं हारुतो, कुणाचं यामातो. २६ मे २०२५ पासून उच्चारही नोंदवावा लागतो, आणि तो त्या अक्षरांचा म्हणून लोकांना पटेल असा असावा लागतो. 'उंच' लिहून 'ठेंगणा' वाचायचं, असं आता चालत नाही.

आता आवाजाकडे. दोन घरांत, दोन भाषांत एकच हाक मारली जाणार आहे, म्हणून मी नेहमी दोन्हीकडून ऐकून बघायला सांगते.

आधी मराठी कानाने. 'आइ' हे प्रेमाच्या अक्षराचं गोड नाव आहे. पण साताऱ्याच्या घरात आजी नातीला 'आई, इकडे ये' म्हणेल का? 'नाना' मुलींचं नाव आहे आणि जपानीत ऐकायला छान लागतं, पण आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे पुरुष. 'मामि' नावाच्या मुलीला तिच्या चुलतभावंडांनी काय समजावं? 'आया' म्हणजे नक्षी किंवा रंगांची संगती, आपल्याकडे मात्र मुलं सांभाळणारी बाई. 'हाना' म्हणजे फूल, आणि मराठीत ते 'हाणा' ऐकू येतं. मुलगी वर्षातून पंधराच दिवस भारतात येणार असेल तरी ते पंधरा दिवस आजी-आजोबांबरोबरचे असतात. म्हणून तुमच्या यादीतल्या आइ आणि नाना मी सरळ बाजूला ठेवीन.

आता जपानी कानाने, कारण शेवटी मराठी नाव ठेवायचं ठरलं तर हे लागेल. 'उमा' म्हणजे जपानीत घोडा. 'इरा' ऐकलं की चिडचिडीसाठी वापरतात तो 'इराइरा' आठवतो. 'कुसुम' काताकानात लिहिलं की 'कुसुमु' होतं, आणि त्याच आवाजाच्या क्रियापदाचा अर्थ निस्तेज होणे, रंग मळकट होणे. फुलाच्या नावाचं असं व्हावं याचं मला वाईट वाटतं. शिंदे मंडळींना तर हे पहिल्याच धड्यात कळतं: 'शिन्दे' हे 'मरणे' या क्रियापदाचं रूप आहे. पण काही नावं तिथे खुलतात. 'किरण' म्हटलं की लखकन चमकण्याचा आवाज वाटतो, म्हणजे अर्थ जवळजवळ तोच राहिला. 'अमेय' काताकानात 'आमेया' होतं, म्हणजे गोड गोळ्यांचं दुकान. बालवाडीत असं नाव असलेल्या मुलाला काही कमी पडत नाही.

काताकानात एक छोटीशी रेघ फार काम करते. लांब स्वर दाखवायला अक्षरापुढे आडवी रेघ ओढतात. माझ्या एका विद्यार्थिनीने मुलीचं नाव मीरा ठेवलं. मराठी मनाला 'मी' दीर्घच, म्हणून अर्जाच्या मसुद्यावर तिने 'मि', मग रेघ, मग 'रा' असं लिहिलं आणि तपासायला मला फोटो पाठवला. मी तिला लगेच फोन केला. तसं लिहिलेलं नाव 'मीइरा' ऐकू येतं, आणि मीइरा म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडमधली ममी. रेघ नको, नुसतं 'मिरा' लिही, एवढंच सांगितलं. आज ती मुलगी शाळेत मिरा-चान आहे आणि घरी मीरा. एक रेघ कमी करून दोन्हीकडे नाव टिकलं. काताकानात काय लिहायचं हे तुम्ही ठरवता, कार्यालयातला माणूस नाही. म्हणून ते घरीच, निवांत ठरवा.

आता ती सुंदर वाट. जपानमध्ये बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द गेले आणि तिथल्याच मातीत रुजले. त्यांच्यापासून झालेली नावं आजही ठेवली जातात, आणि ती तुमच्या दोन्ही घरांची आहेत. तुमच्या यादीतली अर्थ नसलेली 'सारा' त्यातलीच. ती 'वाळू' आणि 'तलम रेशीम' या अक्षरांनी लिहितात, पण वाळू-रेशीम शोधू नका. ती अक्षरं आवाजापुरती आहेत. सारा म्हणजे आपला शाल वृक्ष. कुशीनगरला बुद्धांचं महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांमध्ये झालं. जपानी शाळांत मुलं एका जुन्या युद्धकथेची सुरुवात पाठ करतात, तिच्या पहिल्या ओळींत श्रावस्तीच्या जेतवन विहाराची घंटा आणि शालाची फुलं आहेत. ती ओळ अनित्यतेची आहे, त्यामुळे एखाद्या वृद्ध जपानी शेजाऱ्याला नाव ऐकून जरा गंभीर वाटेल. तरुणांना ते छान, आधुनिक नाव वाटतं. मराठीत 'सारा' म्हटलं की शेतसारा आठवतो, पण त्याने काही बिघडत नाही.

'माया' तर मला फार जवळची वाटते. बुद्धांच्या आईचं नाव तिथे 'माया' असंच उच्चारतात. कोबे शहराच्या मागे माया नावाचा डोंगर आहे, सुमारे ७०० मीटर उंच. तिथलं देऊळ मायादेवीचं, म्हणून डोंगराला हे नाव. संस्कृतात माया म्हणजे भ्रम हे खरं, पण मराठीत आपण लेकरावर माया करतो. काताकानात एकही रेघ न लावता 'माया' लिहा, दोन्ही देशांत कोणी अडखळणार नाही.

आणि 'रुरि'. हा शब्द मुळात वैडूर्य. जपानपर्यंत पोचताना पुढचं 'वै' गळून पडलं आणि रुरि उरलं. आपल्याकडे आज वैडूर्य म्हणजे लसण्या. तिथे मात्र रुरि म्हणजे गर्द निळं लाजवर्दी रत्न आणि त्याचा रंग. तिथे 'याकुशि' म्हणून पुजला जाणारा वैद्यराज बुद्ध, आपल्या ग्रंथांतला भैषज्यगुरु वैडूर्यप्रभ, त्याच्या पूर्ण नावातही हे रुरि आहे.

आता सासूबाईंचं अक्षर. त्यांना नाही म्हणू नका. जपानी आजीही नाव ठरवताना आडनाव आणि नावाच्या अक्षरांतले लेखणीचे फटकारे मोजून शुभ-अशुभ बघते. त्याला 'सेइमेइ हानदान' म्हणतात. दोन्ही आज्यांना काळजी एकच असते. पण नक्षत्र जन्मानंतरच कळणार, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या आद्याक्षरांची नावं आधीच तयार ठेवा. मघा नक्षत्र आलं तर मा-मी आहेत, म्हणजे माया किंवा मीरा. स्वातीचं पहिलं चरण आलं तर रू, म्हणजे रुरि. रे आलं तर 'रेन' आहे. ते कमळाच्या अक्षराने लिहितात, मुलग्यांमध्ये जास्त चालतं पण मुलींचंही असतं. एक लक्षात ठेवा: अस्सल जुन्या जपानी शब्दांची सुरुवात 'र'ने होत नाही. त्यामुळे 'र'ची नावं चीनमार्गे नाहीतर आपल्याकडून आलेली असतात आणि कानाला नवी वाटतात.

नव्या-जुन्याचंही बघावं लागतं. शेवटी 'को' असलेली नावं, म्हणजे काझुको, योशिको, एकेकाळी घराघरांत होती. १९२६ च्या डिसेंबरात नव्या सम्राटांचा शोवा कालखंड सुरू झाला, तेव्हा त्या नावातलं 'वा' अक्षर (नावांत तेच 'काझु' असंही वाचतात) घेऊन पुढची कित्येक वर्षं असंख्य मुलींची नावं काझुको ठेवली गेली. आज काझुको म्हटलं की आजीच डोळ्यांसमोर येते. सगळीच 'को' नावं जुनाट झाली असं मात्र नाही. सम्राटांची मुलगी आइको २००१ मध्ये जन्मली. तिचं नाव मेन्शियस या चिनी तत्त्वज्ञाच्या वचनावरून घेतलंय: जो इतरांवर प्रेम करतो, त्याच्यावर इतर नेहमी प्रेम करतात. तुमच्या 'आइ'चा मोह सुटत नसेल तर 'आइको' बघा. मराठीत मग ते आई राहत नाही.

आता तारखा. जपानमध्ये जन्माची नोंद १४ दिवसांत करावी लागते, आणि जन्माचा दिवस पहिला धरतात. आपलं बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जेमतेम बसतं. 'बारसं पुढे भारतात गेल्यावर करू' असं ठरवा हवं तर, पण नाव मात्र तेव्हाच हवं. मुलीच्या निवास परवान्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, तोही विसरू नका. तिथल्या घरांत सातव्या रात्री बाळाचं नाव कुंचल्याने कागदावर लिहून भिंतीवर लावतात, त्याला 'ओशिचिया' म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी सहाव्या रात्री त्याच्या आईने सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जपानी आजी आल्या आणि त्यांनी दुसऱ्या कागदावर बाळाचं नाव लिहिलं. दोन्ही कागद त्याने एकाच चौकटीत लावले आहेत.

अर्जावर आडनावाची एक चौकट आणि नावाची एक, एवढंच असतं. आपल्या वडिलांच्या नावाला तिथे जागा नाही. काही जण ते मुलाच्या नावालाच जोडून लिहितात, आणि मग दवाखान्यात, बालवाडीत मुलाला पूर्ण नावाने हाक मारतात. ते हवं की नको, आधी ठरवा. रोमन अक्षरांत जे लिहाल तेच भारतीय पासपोर्टच्या अर्जात लिहा. एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे प्रतिज्ञापत्रं करावी लागतात. मीच किती तरी केली आहेत.

तर तुमच्या पाचांपैकी सारा ठेवा. युकि चालेल, पण आपण सवयीने शेवटचा 'की' दीर्घ लिहितो आणि ओढून म्हणतो, तसं करू नका. अकिरा, आइ, नाना सोडा. त्यात माया आणि रुरि घाला आणि नक्षत्राची वाट बघा. मला विचाराल तर मी माया ठेवीन.

आणखी एक काम आत्ताच करा. जपानी प्राथमिक शाळेत, बहुधा दुसरीत, मुलांना घरी विचारून यायला सांगतात: तुझं नाव कोणी ठेवलं आणि का? मागे एका जोडप्याचा मला रात्री फोन आला. लेकीला सकाळी वर्गात सांगायचं होतं, आणि सात वर्षांपूर्वी यादीतून ते नाव का घेतलं हे दोघांनाही आठवत नव्हतं. शेवटी त्यांनी नागपूरला आजीला उठवलं, तेव्हा कुठे कळलं की ते नाव आजीनेच दोनदा म्हणून बघितलं होतं आणि 'हे तोंडात बसतंय' म्हणाली होती. मुलीने वर्गात तेच सांगितलं. म्हणून नाव ठरेल त्या दिवशीच ते कोणी सुचवलं, का आवडलं आणि घरात कोण कोण होतं, हे मराठीत लिहून ठेवा. त्याच कागदावर आडनाव काताकानात नेमकं कसं लिहिलं, रेघ कुठे दिली, तेही उतरवून ठेवा. दुसऱ्या बाळाच्या वेळी ते तसंच्या तसं लिहावं लागेल.